पैलवानाचं क्रिएटिनिन

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा, वजन 96 किलो, आठ वर्षं तालमीत आहे. रविवारी पेठेतल्या तपासणी शिबिरात रक्त दिलं. क्रिएटिनिन 1.5, ईजीएफआर 67, एसजीओटी 88, एसजीपीटी 41. भावोजी म्हणतात, किडनीचं एक तृतीयांश काम गेलं. वस्ताद म्हणतात, लक्ष देऊ नका. त्या दिवशी सकाळी मेहनत केली होती, दुपारी मटण जेवला, संध्याकाळी रक्त दिलं. तालीम बंद करू का?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, एवढ्यावरून तालीम बंद करू नका. रिपोर्ट बाजूलाही टाकू नका. सकाळची मेहनत आणि दुपारचं मटण तुम्ही मला कळवलंत, पण रिपोर्टवर त्याचा उल्लेख नसणार, आणि घोळ तिथंच आहे.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. किडनी ते बाहेर टाकते. 96 किलोच्या पैलवानाच्या अंगात ते मुळातच जास्त बनतं. मटण शिजतानाही त्यातल्या क्रिएटिन या घटकाचं क्रिएटिनिन होतं आणि जेवणानंतर काही तास रक्तात दिसतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते तो आकडा, तर मोजलेलाही नसतो. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावर सूत्राने काढलेला तो अंदाज. 22 वर्षांच्या पुरुषाचं 1.5 घातलं की 67 येणारच, मग तो आखाड्यातला असो की दुकानात बसणारा. भावोजींना सांगा, हे टक्के नव्हेत.

एसजीओटी लिव्हरचं म्हणून ओळखतात, पण ते स्नायूंतही भरपूर असतं. एसजीपीटी ठीक आणि एसजीओटी दुप्पट, तर दारू न घेणाऱ्या पैलवानात मी आधी स्नायूंकडे बघते. सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या एन्झाइमची तपासणी, केलं की उलगडा होईल.

लॅब सुरू केली तेव्हा अशाच एका पोराचा रिपोर्ट मी काही न विचारता लाल खुणा करून दिला. घरच्यांनी त्याला हंगामभर आखाड्यात उतरू दिलं नाही. किडनी चांगली होती त्याची. ते पोरगं मी विसरले नाही. तेव्हापासून सुई टोचण्याआधी विचारते, शेवटची मेहनत कधी केलीस?

आठवडाभर मेहनत थांबवा, आदल्या दिवसापासून मटण-मासे नकोत. क्रिएटिनची पावडर घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. मग सकाळी क्रिएटिनिन, सिस्टॅटिन-सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. सिस्टॅटिन-सी हे रक्तातलं एक प्रथिन, तेही किडनीच गाळते, पण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. ते ठीक, गुणोत्तर 30 च्या खाली आणि बीपीही ठीक निघालं, तर निर्धास्त राहा. किडनीचा जुनाट आजार म्हणायला बिघाड किमान 3 महिने टिकलेला दिसावा लागतो.

वस्तादांना मात्र एक विचारा : पोरं अंगदुखीवर गोळ्या खाऊन मेहनत करतात का? घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला घातक ठरतात. आणि मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फेरतपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तुटलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून किडनी बंद पडू शकते.