नवे रूल्स येणार म्हणून ब्रश खाली ठेवायचा का?

पाऊस सुरू झाला की मिनी, म्हणजे टेबलावरच्या युद्धाच्या गेममधले छोटे सैनिक, रंगवायच्या या सदराला प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) प्रश्न येणार हे ठरलेलं, पण या वेळी मित्रामित्रांतली रूल्सवरून झालेली भांडणं जास्त आलीयेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलेत.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, दोघं ठाण्यात, एक ऐरोलीला, एक खारघरला. एज ऑफ सिग्मार या गेमच्या आर्म्या रंगवतोय, महिन्याला प्रत्येकी एक युनिट (सैनिकांची तुकडी) आणि शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी गेम. आता खारघरवाला म्हणतो पुढच्या एडिशनचे रूल्स येईपर्यंत काही रंगवू नका, सगळं वाया जाईल. त्याचं ऐकून बाकीचेही ढिले पडलेत. काय करू?
– एक वाचक, वर्तकनगर

खारघरवाल्याला विचारा की बाबा रे, एडिशन आली की रूल्स बदलायचे थांबणारेत का? एज ऑफ सिग्मार २०१५ ला आला, मग २०१८, २०२१, २०२४, दर तीन वर्षांनी नवीन एडिशन, आणि मधे मधे पॉइंट्स (प्रत्येक युनिटची गेममधली किंमत) वरखाली होतात ते वेगळंच. पॅटर्न असाच राहिला तर पुढची २०२७ ला. म्हणजे रूल्स एकदाचे ठरू देत मग रंगवतो असं म्हणणारा माणूस आयुष्यात रंगवत नाही, त्याचे स्प्रू (मिनीचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात त्या) बॉक्समध्ये आणि बॉक्स माळ्यावर.

पण त्याची भीती अगदीच कायपण आहे असंही नाही. पॉइंट्स बदलले, ॲबिलिटी बदलली तर रंगाला काही होत नाही, आज पडेल वाटणारं युनिट उद्या भारी होतं आणि उलटंही. फटका बसतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे बेस, मिनीच्या पायाखालची बैठक. २०१५ पर्यंत वॉरहॅमर फँटसी या आधीच्या गेमची सैन्यं चौकोनी बेसवर, खांद्याला खांदा लावून रांगेत उभी असायची, मग गेम्स वर्कशॉप या कंपनीने ते अख्खं जगच गोष्टीत संपवून टाकलं आणि एज ऑफ सिग्मार आणला, चार पानांचे रूल्स, पॉइंट्सचा पत्ता नाही (ते २०१६ ला आले), आणि बॉक्समधून गोल बेस निघायला लागले. लोकांनी आख्ख्या आर्म्या चौकोनावरून उचकटून गोलावर चढवल्या. आणि जानेवारी २०२४ ला त्याच जुन्या जगाचा द ओल्ड वर्ल्ड हा गेम आला, परत चौकोनी! तेही जुन्या मापाचे नाहीत, माणसांच्या पायदळाला २० मिमी चालायचा तिथे २५ आला आणि ऑर्क २५ वरून ३० वर गेले. दुसरा फटका म्हणजे युनिटच बंद होणं. २०१८ च्या दुसऱ्या एडिशनचा बॉक्स ज्यांच्या जोरावर विकला गेला ते स्टॉर्मकास्ट या आर्मीतले सॅक्रोसँक्ट चेंबरवाले २०२४ मध्ये रेंजमधून बाहेर.

म्हणून रंग बिनधास्त लावा, फक्त बेस सुटेल असा ठेवा. प्लॅस्टिक सिमेंटने पाय बेसला चिकटवू नका, ते प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतं, मग करवतीशिवाय पर्याय नाही. त्याऐवजी पायात पेपर क्लिपच्या तारेचा छोटा तुकडा, बेसला भोक आणि फेविक्विकचा एक थेंब. उद्या बेस बदलायची वेळ आली तर मिनी तासभर फ्रीझरमध्ये ठेवायची, फेविक्विक थंडीने ठिसूळ होतं आणि जरा पिळलं की कट्कन सुटतं. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आईस ट्रे काढायला गेलेल्या माणसाच्या हातात सांगाडा येतो.

आणि एक बोलू का, राग नका मानू. रूल्सचं कारण काढणारा बहुतेक वेळा कंटाळलेला असतो. पहिल्या महिन्यात हीरो रंगवला, मजा आली, दुसऱ्या महिन्यात सारखे दिसणारे वीस भालेवाले समोर आले आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला बक्कल, तिथे माणूस अफवा वाचायला लागतो कारण अफवा वाचणं हे भालेवाले रंगवण्यापेक्षा सोपं आहे. व्हाइट ड्वार्फ मासिकात नव्वदच्या दशकात चौघांनी महिन्याच्या ठरलेल्या बजेटमध्ये आर्मी उभी करायची मालिका यायची, तुमचं मूळ तेच आहे, आणि ते चालायचं कारण प्रत्येकाला बाकीच्या तिघांना तोंड दाखवायचं असायचं. तर पुढच्या महिन्यात खारघरवाल्याला एकच मोठा राक्षस नाहीतर एकच हीरो द्या, आणि त्याचे भालेवाले एका रविवारी चौघं मिळून संपवा, एक जण फक्त कातडी, एक जण फक्त धातू, एक जण वॉश (घड्यांत, खाचांत साचणारा पातळ गडद रंग), एक जण बेस. चहा दोनदा होईपर्यंत वीस होतात. आणि जुन्या एडिशननेच खेळत राहायचं ठरवलंत तर नॉटिंगहॅमच्या कंपनीतून कोणी खारघरला पुस्तक तपासायला येत नाही.

ठाणे–पनवेल लोकलने आर्मी न्यायची तर बेसखाली छोटे मॅग्नेट आणि डबा बिस्किटांचा पत्र्याचा घ्या. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला बऱ्याचदा मॅग्नेट चिकटतच नाही, घरून निघायच्या आधी लावून बघा.

घोडबंदर रोडला राहतो, बाल्कनीत स्प्रे प्रायमर मारला तर मिनीवर पांढुरकी खरखरीत पावडर बसल्यासारखं झालं. कॅन खराब आहे का?
– एक वाचक, कासारवडवली

कॅन नाही, हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बऱ्याच दिवशी आर्द्रता ऐंशीच्या वर असते आणि स्प्रेचा थेंब वाळताना ओल धरतो, मग तो असा धुरकट, दाणेदार बसतो. खूप लांबून मारला तरी दाणे पडतात कारण रंग हवेतच वाळतो, २०–३० सेमी पुरे, आणि एका जागी सलग न मारता छोटे छोटे फवारे. पण पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, व्हॅलेहोचा मिळतो, पातळ दोन हात द्यायचे, मधे नीट वाळू द्यायचं. मॅट वार्निशचा (रंगावरच्या शेवटच्या संरक्षक थराचा) स्प्रे तर गणपती उठेपर्यंत कपाटातून काढूच नका, पूर्ण रंगवलेल्या मिनीवर ढग उतरला की रडू येतं.

खराब झालेल्या काढायच्या असतील तर प्लॅस्टिक आणि मेटलला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, बुडवून ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं, खिडकी उघडी आणि गॅसपासून लांब. रेझिनला नको. इंग्लंडमधले जुने लोक यासाठी डेटॉल वापरतात, तेही चालतं, पण घासताना पाणी लावायचं नाही, पाणी लागलं की त्या रंगाचा चिकट गाळ होतो आणि तो मिनीपेक्षा तुमच्या बोटांना जास्त बसतो. डेटॉलमध्येच घासा, पुसून काढा, मग साबण-पाणी.

अजून एक, वेट पॅलेट (डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर) या दिवसांत दोन दिवसांत कुबट वास मारते. लोक त्यात तांब्याचा तुकडा टाकतात बुरशी येऊ नये म्हणून. मी म्हणेन पाणी रोज बदला.

मुलगा आठवीत आहे, मित्राकडे जाऊन बाहुल्या रंगवतो आणि आता स्वतःची आर्मी पाहिजे म्हणतो. किमती बघून डोळे पांढरे झाले. हे रंग घरात चालतात का, आणि हे सगळं किती दिवस टिकतं?
– एक आई, नेरुळ

ताई, किती दिवस टिकेल ते त्यालाही माहीत नाही, म्हणून आर्मी आत्ता घेऊच नका. वन पेज रूल्स म्हणून रूल्स आहेत, बेसिक फुकट मिळतात आणि त्यात कुठल्याही कंपनीची मिनी चालते. पाच-दहा मिनीत गेम होतो. तेवढ्यावर सहा महिने निघाले तर मग स्पिअरहेडचा एक बॉक्स, एज ऑफ सिग्मारच्या २०२४ च्या एडिशनसोबत आलेला छोटा प्रकार आहे तो, एका बॉक्सात खेळण्यापुरतं अख्खं सैन्य येतं, ‘अजून एक युनिट लागतं गं’ हे ऐकावं लागत नाही. निदान लगेच नाही.

सरावाला मिनी हव्यातच कशाला, दिवाळीच्या आधी किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे बाजारात येतात ना, ते घ्या, त्यांच्यावर प्रायमर मारून नव्याने रंगवू दे. डोळे, पागोट्याच्या घड्या, ढालीची कड, सगळं शिकायला मिळतं आणि चुकलं तरी कोणाचं काही जात नाही. बेसच्या मातीला घरातली रांगोळी फेविकॉलवर भुरभुरवायची आणि वर तपकिरी रंग, मस्त जमीन होते.

रंग पाण्याचे ॲक्रेलिक असतात, वास फारसा नाही. ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय तेवढी लागू देऊ नका. स्प्रे घरात नको. आणि मित्राकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर ओल्या रेझिनला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही हे दोघांनाही सांगा, हा भाग खरंच गंभीर आहे.

सगळे म्हणतात नवीन रूल्समध्ये चार्जला प्लस वन आला तर गेम बदलेल. एका आकड्याने असं काय होतं?
– एक वाचक, कोपरखैरणे

तो आकडा कुठे लागतो त्यावर आहे. चार्ज म्हणजे शत्रूवर धावून जाणं, दोन फाशांची बेरीज येईल तेवढे इंच. मागून, म्हणजे गेम सुरू झाल्यावर टेबलावर उतरलेलं युनिट शत्रूपासून ९ इंचांच्या बाहेर उभं राहतं, म्हणजे दोन फाशांवर ९ किंवा जास्त पाहिजेत. ३६ शक्यतांपैकी १०, साधारण २८ टक्के. प्लस वन मिळाला तर ८ पुरतात, ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्के. आणि प्लस वनऐवजी रीरोल (फासे परत टाकायची संधी) मिळाला तर ४८, म्हणजे तो जास्त चांगला. पण तुम्ही आधीच जवळ आहात, ५ च पाहिजेत, तर ८३ चे ९२ होतात, कोणाला कळणारही नाही. तर अफवा ऐकली की आधी आपली आर्मी कुठून चार्ज करते ते बघायचं. घोडदळ पळत जाणारं असेल तर झोपा निवांत.

ड्वार्फ (बुटक्या योद्ध्यांची) आर्मी मावळ्यांच्या रंगात करतोय, झेंडा भगवा. पण भगवा नीट बसतच नाही, मळकट दिसतो.
– एक वाचक, कोपरी

कल्पना आवडली! स्लेअर ड्वार्फांचे केस तर आधीपासूनच भगवे असतात, तुझं अर्धं काम कंपनीनेच केलंय.

काळ्या प्रायमरवर भगवा मारतोयस ना? पिवळा-केशरी रंग अंगाने पातळ, खालचा काळा वर येतोच, सहा हात दिलेस तरी. झेंडा आणि पागोटं पांढऱ्या प्रायमरवर घे, नाहीतर आधी विटकरी तपकिरी चढव आणि त्यावर भगवा. घड्यांत काळा वॉश अजिबात नको, तोच मळकट करतो, लालसर तपकिरी वॉश घे आणि फक्त घडीच्या खोलात ब्रशच्या टोकाने सोड, अख्ख्या झेंड्यावर फासू नकोस. उजळायला पांढरा मिसळलास तर आईस्क्रीमसारखा फिकट होतो, थोडा पिवळा नाहीतर कातडीचा रंग मिसळ आणि फक्त वरच्या कडांवर ओढ. बाकी अंगरखे मळखाऊ पांढरे ठेव, सगळंच भगवं केलंस तर झेंडा दिसणारच नाही.

बॉक्समधला झेंडा चौकोनी आहे, आपल्याला दोन टोकांचा पाहिजे. बिर्याणी ज्यात पार्सल येते त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ स्वच्छ धुऊन कात्रीने काप, पेन्सिलीवर वळवून लाट दे, वाऱ्यावर फडफडतोय असा राहतो. आधी वाकव, मग प्रायमर, मग रंग. रंगवून झाल्यावर वाकवायला गेलास तर बरोबर घडीवरच तडकतो.