फिकट कॅलिपर रंगवताना

लाल कॅलिपर (चाकामागे डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग) गुलाबी पडला म्हणून लगेच ब्रश उचलू नका; खरं काम साफसफाईचं आहे. गाडी जॅक स्टँडवर घ्या, चाक काढा. ब्रेक क्लीनर आणि पितळी तारेच्या ब्रशने खाचाखाचांतली काळी भुकटी काढा, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासा. पुन्हा क्लीनर मारा. त्यानंतर बोट लावायचं नाही, तेलकट ठशावर रंग धरत नाही.

पिस्टनचे रबरी बूट (आवरणं), ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू), पॅड सरकतात त्या जागा आणि डिस्क टेपने नीट झाका. रंग कॅलिपरसाठीचा, उष्णता सोसणाराच घ्या. दोन-तीन पातळ हात द्या. जाड हात ओघळतो. होज (ब्रेक ऑइलची नळी) सोडू नका, ब्रेक ऑइलचा थेंबही ताजा रंग फुगवतो. कॅलिपर उतरवलाच तर तारेने टांगा आणि पेडल अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.