कॉलेज बघून आलात, वॉर्ड बघितला का?

बारावीचा निकाल लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणारा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, चांगलं नर्सिंग कॉलेज कुठलं?" विचारणारी कधी मुलगी असते, कधी वडील, कधी मामा. हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न आता मला आधी ऐकू येतो: आपण फसणार तर नाही ना? ही भीती खरी आहे, म्हणून एका मुलीच्या सहा भेटींचं सार इथे मांडते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मयूरी बारावी सायन्स झालेली. नर्सिंगच्या सीईटीत गुण मध्यम. वडिलांचं तालुक्याच्या गावी टेलरिंगचं दुकान. पहिल्या फेरीत सरकारी कॉलेज लागलं नाही आणि तेव्हापासून तिचं जेवणाखाण्यावरचं लक्ष उडालं. वडील तिला घेऊन आले तेव्हा त्यांच्या खिशात एका एजंटचं पत्रक होतं.

"हा माणूस म्हणतो, शेजारच्या राज्यात जीएनएम, नर्सिंगचा डिप्लोमा, करून देतो. तिथं राहायची गरज नाही, परीक्षेपुरतं जायचं. पंचवीस हजार दिलेत मॅडम, आणि मार्कशीट."

"झेरॉक्स?"

"नाही. ओरिजिनल."

याला बाजारात 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. नर्सिंगमध्ये असा कोर्स असूच शकत नाही. थिअरीची हजेरी किमान ८० टक्के लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास शेवटी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. जे तास भरलेच नाहीत ते कागदावर भरलेले दाखवायचे, एवढाच त्या पंचवीस हजारांचा अर्थ. पुढे नोंदणीच्या वेळी, नोकरीच्या पडताळणीत किंवा परदेशातल्या नर्सिंग परिषदेने तासांचा तपशील मागवला की ते उघडं पडतं, आणि तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

मार्कशीटमुळे वडील त्या माणसाच्या मुठीत होते. त्यांना एकच गोष्ट सांगितली: मूळ गुणपत्रिका मिळाली नाही तरी शिक्षण मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. त्यांचे खांदे खाली आले. फसवणाऱ्याचं बळ बहुतेक वेळा आपल्या अशा एखाद्या अज्ञानात असतं.

मयूरीशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "मला सरकारीच पाहिजे होतं. खासगीत सगळी फसवतातच. आता माझं काहीच होणार नाही."

तीन वाक्यं, तीन 'च'. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं, म्हणजे हट्टी विचार पकडून ते सैल करत, काम करते, आणि मराठीत काम करणाऱ्याला त्या वाटेवर आपल्या भाषेनं एक देणगी दिली आहे: माणसाचा हट्ट आणि धास्ती या एका अक्षरात सापडते. मी तिला तीच वाक्यं 'च' काढून कागदावर लिहायला लावली. सरकारी मिळालं असतं तर बरं झालं असतं. खासगीत काही फसवतात. आता काही मार्ग बंद झाले आहेत.

"मग काही उघडे असतील," ती स्वतःशीच म्हणाली.

ते मोजायला बसलो. इथे बऱ्याच घरांचा गोंधळ असतो. एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचा, कुठल्याही शाखेच्या बारावीवर. त्यातून आरोग्य उपकेंद्रापर्यंतचं मोलाचं काम करता येतं, पण 'रजिस्टर्ड नर्स' ही नोंदणी त्यातून मिळत नाही. ती मिळते जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगमधून. जीएनएम तीन वर्षांचा, इंग्रजीसह बारावीला ४० टक्के, कला शाखाही चालते. बी.एस्सी. चार वर्षांचं, आठ सत्रांचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि खुल्या वर्गासाठी ४५ टक्के. वय प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. 'एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा', 'पेशंट केअर असिस्टंट' असे फलक स्टँडसमोर दिसतात. ते साहाय्यकाचं प्रशिक्षण आहे. ते करून कोणी नर्स होत नाही, आणि 'नर्सिंग' हा शब्द फलकावर ठळक असला की घरं इथेच पहिल्यांदा चुकतात.

चौथ्या भेटीला ती खासगी कॉलेजांच्या तीन माहितीपुस्तिका घेऊन आली. गुळगुळीत कागद, एसी वर्ग, बसचा फोटो. "यातलं चांगलं कुठलं?" पुन्हा तोच प्रश्न. मी पुस्तिका मिटल्या.

"मयूरी, कॉलेज सोड. चार वर्षं झालीत. रात्रीचे दोन वाजलेत, वॉर्डात तू एकटी आहेस आणि एका बाईचं बाळंतपणानंतर रक्त थांबत नाहीये. तुला काय यायला हवं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. घाई केली नाही. मग बोटं मोजत म्हणाली, "पोटावरून गर्भाशय बघता यायला पाहिजे. शीर सापडायला पाहिजे. डॉक्टरांना काय सांगायचं ते कळायला पाहिजे."

"हे यातल्या कुठल्या फोटोत आहे?"

तिने पुस्तिका पुन्हा उघडल्या, चाळल्या आणि खाली ठेवल्या. "मॅडम, मी कॉलेज शोधतच नव्हते. बिल्डिंग शोधत होते." आणि मग, अगदी हळू: "मला पेशंट शोधायला हवेत."

या वाक्याची मी वाट बघत होते. ते मी आधीच सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा बसचा फोटो बघितला असता. उत्तर समोरच्याच्या तोंडून आलं की ते त्याच्या पायांत उतरतं. तिच्या पायांत ते दुसऱ्याच दिवशी उतरलं. सकाळी आठला ती वडिलांना घेऊन एका खासगी कॉलेजच्या रुग्णालयात गेली.

वेळ तीच हवी. सकाळच्या पाळीत विद्यार्थिनी वॉर्डात असतात. दुपारी गेलात तर कार्यालय दिसतं. काय बघायचं तेही ठरवून दिलं होतं. भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या निकषानुसार कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, त्यातल्या निदान ७५ टक्के खाटा भरलेल्या हव्यात, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. म्हणजे साठ जणींची एक तुकडी वॉर्डात उतरली तर १८० रुग्ण लागतात. ते कॉलेजचं स्वतःचं आणि कराराने जोडलेलं संलग्न रुग्णालय मिळून भरावे लागतात. म्हणून संलग्न रुग्णालयाचं नाव, करार किती वर्षांचा आणि तिथे न्यायला बस आहे का, हे विचारायचं.

तिची वही अजून डोळ्यांपुढे आहे. 'स्त्री विभाग: खाटा २४, पेशंट ५. पुरुष विभाग: खाटा ३०, पेशंट ७. गणवेशातल्या मुली १९. चार जणी एका आजोबांचा बीपी घेत होत्या, आजोबा कंटाळले.' दुसऱ्या पानावर एका जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जीएनएम शाळेची नोंद: 'प्रसूती विभाग: खाटा ३०, बायका ४१. मुलींना पाणी प्यायला वेळ नाही.'

आता लगेच दुसरं पान जिंकलं असं वाटेल. इथे मी तिला परत पाठवलं, कारण एक गोष्ट मोजायची राहिली होती: शिकवणारी बाई वॉर्डात आहे का. गर्दीच्या रुग्णालयात पाठ्यनिर्देशिका नसेल तर विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात होतात. चादरी बदलणं, नमुने प्रयोगशाळेत पोचवणं यात वर्ष जातं, आणि हातांना लागलेलं चुकीचं वळण मोडायला पुढे दुप्पट वेळ लागतो. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. कार्यालयात यादी दाखवतात, तुम्ही वॉर्डात डोकी मोजा. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "शेवटचं इंजेक्शन तू कधी दिलंस? शेजारी कोण उभं होतं?" या दोन प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याही मानांकनापेक्षा जास्त सांगतात.

कागदांचं काम वडिलांकडे दिलं. शिलाईचं माप घेणारा माणूस, एक आकडा चुकवला नाही. बी.एस्सी.साठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता, शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता. कॉलेज देतं ती झेरॉक्स बघायची नाही, विद्यापीठाच्या आणि परिषदेच्या यादीत नाव शोधायचं, आणि नावापुढे कोर्स, त्या वर्षाची मान्यता व जागांची संख्या बघायची. एकाच संस्थेचा एएनएम मान्यताप्राप्त असतो आणि बी.एस्सी. प्रस्तावित असतं, फलकावर दोन्ही एका रंगात रंगवलेले. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर वसतिगृह, मेस, गणवेश, बस यांचा आकडा लेखी मागायचा. मुलीचं घर इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) किंवा आर्थिक दुर्बल घटकात आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी विचारायची. ती केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांसाठी आहे; व्यवस्थापन कोट्यात गेलात की हा हक्क सुटतो, आणि एजंट नेमकं तिकडेच नेतो.

परराज्यात शिकायचं तर शिका. पण तिथल्या परिषदेत आधी नोंदणी, मग महाराष्ट्रात काम करण्यासाठी इथे पुन्हा नोंदणी, हा वेळ हिशेबात धरा.

शेवटच्या भेटीत मयूरीपुढे दोन रस्ते उरले. बऱ्याचशा खाटा रिकाम्या असलेलं खासगी बी.एस्सी., किंवा जिल्हा रुग्णालयातलं जीएनएम, जिथे तिने तिसऱ्या खेपेला दोन पाठ्यनिर्देशिका वॉर्डात शिकवताना बघितल्या होत्या. जीएनएमची किंमत मी लपवली नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बी.एस्सी. झालेली थेट बसते. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवी हवी तर पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं, म्हणजे चाराऐवजी पाच. शिकवायचं किंवा परदेशी जायचं आधीच पक्कं असेल तर मी पदवीकडेच झुकते, फक्त भरलेल्या खाटांच्या कॉलेजात.

"एक वर्ष जास्त," ती म्हणाली. "पण हात तयार."

"सरकारी आहे म्हणून घेतेस का?"

ती हसली. "नाही. एक्केचाळीस बायका आहेत म्हणून."

वडील उठता उठता म्हणाले की मार्कशीट परत मिळाली. दुय्यम प्रतीचा अर्ज केलाय म्हटल्यावर एजंटने स्वतःच आणून दिली. पंचवीस हजारांतले दहा अजून यायचे आहेत; पावती नव्हती.