शेतातलं जुनं हेलिपॅड मोडू का ठेवू?

प्रश्न : आम्ही वाळवा तालुक्यात जमीन घेतली, आधीच्या मालकाने ऊस-हळदीच्या मधोमध खाजगी हेलिपॅड केलंय, बरीच वर्षं बंदच आहे. कॉंक्रीट फोडून तिथं ऊस लावावा का? - एक शेतकरी

उत्तर : दादा, फोडायची घाई करू नका, तुम्ही हळद करता म्हणजे तुम्हाला आयतं खळं मिळालंय! शिजवलेली हळद वाळायला साधारण १० ते १५ दिवस कडक ऊन आणि टणक स्वच्छ जागा लागते, मातीत वाळवली की माती चिकटते आणि सांगलीच्या बाजारात रंग बघूनच भाव लागतो.

पण आधी तो पांढरा 'एच' पूर्ण पुसा आणि त्यावर मोठी फुली मारा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी पण उतरवा, कारण वरून पायलटला पॅड चालू आहे असं वाटलं आणि खाली बाया हळद पसरतायत तर फार वाईट प्रसंग होईल, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. परवानगी ज्या ऑफिसची होती तिथं बंद केल्याचं लेखी द्या. सातबारावर तेवढा तुकडा बिगरशेती झालाय का तेही तलाठ्याकडे बघून घ्या.

तरी ऊसच लावायचा असेल तर नुसतं कॉंक्रीट काढून भागणार नाही, खालचा दाबलेला मुरूम पण उचलावा लागतो, मग उन्हाळ्यात माती कोरडी असताना सबसॉयलर (ट्रॅक्टरला जोडून खालची घट्ट जमीन फोडायचं अवजार) मारा, पावसावर ताग पेरा आणि फुलावर येताना हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडा. पहिल्या वर्षी तिथं ऊस नको, पाणी तुंबून मुळं कुजतात.