शाळेत प्रवेश सगळ्यांना खुला असला, म्हणजे शिक्षणाची समान संधी मिळाली असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. फी नाही, कुणाला दारातून परत पाठवत नाहीत, मग असमानता उरते कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी शिकवते, म्हणून वर्गातलंच सांगते.

कमी ऐकू येणारं एखादं मूल मागच्या बाकावर असतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्याला बरंचसं कळतं. शिक्षक फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलू लागले की त्याचा धडा तिथेच तुटतो. मग ते शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि वर बोलणी खातं, "लक्ष कुठंय?" हजेरीपटावर मात्र ते रोज हजर.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि सर्वांना मोफत असावं, हे त्याच्या कलम २८ मध्ये आहेच. पण मुलं नियमित यावीत, गळती कमी व्हावी म्हणून पावलं उचला, शाळेची शिस्त मुलाची प्रतिष्ठा सांभाळणारी ठेवा, हेही त्याच कलमात सरकारांना सांगितलंय. नाव दाखल केलं की जबाबदारी संपली, हे करारालाच मान्य नाही. मला कलम २९ अधिक मोलाचं वाटतं. मुलाचं व्यक्तिमत्त्व, गुण आणि क्षमता पुरेपूर फुलाव्यात, यासाठी शिक्षण आहे, असं ते सांगतं.

शिक्षणहक्कावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ, कातारिना तोमाशेव्हस्की यांनी चार कसोट्या मांडल्या: शिक्षण उपलब्ध हवं, आवाक्यात हवं, स्वीकारण्याजोगं हवं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे बदलणारं हवं. गाडं अडतं ते चौथ्या कसोटीपाशी. मूल शाळेला झेपतंय का हे सगळे बघतात, शाळा मुलासाठी काय बदलली हे फार थोडे विचारतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराने तर प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देणं बंधनकारकच केलंय. तेव्हा अशी सोय मागताना कुणी संकोच करू नये, ती मेहेरबानी नव्हे.

त्या मुलाला पुढचा बाक, मुलांकडे तोंड करून बोलणं, गृहपाठ फळ्यावर लिहून देणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर शाळेला लेखी कळवा आणि नेमकं काय हवं ते लिहा. "मुलाकडे लक्ष द्यावे" असं मोघम पत्र फाईलला लागतं. "बोलताना वर्गाकडे तोंड असावे" हे दुसऱ्या दिवसापासून पाळता येतं आणि पाळलं जातंय की नाही, हे मुलाला विचारूनही कळतं.