कोड फुकट, पण अटींसकट

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एसटीच्या वेळा दाखवणारं छोटं ॲप लिहिलं, कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकला आणि रीडमी या माहितीच्या फाइलीत 'कुणीही वापरा' असं लिहिलं. वेगळी लायसन्सची फाइल हवीच का? (नाशिक)

हवीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कविता कागदावर उतरली की हक्क आपोआप कवीचा, तसंच कोडचं. तुम्ही काही बोलला नाहीत तर कायदा त्याचा अर्थ नकार असाच घेतो. 'कुणीही वापरा' हे बोलणं अर्धवटच आहे. बदलून वापरायचं का? विकायचं का? म्हणून सावध कंपन्या असा कोड उचलतच नाहीत.

अटी नकोत ना? मग एमआयटी लायसन्स घ्या. मजकूर जेमतेम तीन परिच्छेदांचा. वर वर्ष आणि तुमचं नाव. वापरणाऱ्याने ती ओळ आणि तो मजकूर सोबत ठेवायचा, बस्स. शेवटचा परिच्छेद मोठ्या अक्षरांत ओरडल्यासारखा असतो, तो मुळीच खोडू नका. माल आहे तसा दिलाय, हमी नाही, असं तो सांगतो. उद्या तुमच्या ॲपच्या भरवशावर कुणाची पहाटेची गाडी चुकली, तर तोच कामाला येईल. आणि कृपा करून स्वतःच्या मनाने लायसन्स लिहू नका.

प्रश्न : जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली मिळालेल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मी उधारीची वही जोडली आणि काही दुकानदारांना विकलं. आता एक गिऱ्हाईक कोड मागतंय. द्यावा लागेल का? मग मी खायचं काय? (सांगली)

द्यावा लागेल, उधारीच्या वहीसकट. ती मूळ प्रोग्रॅममध्येच मिसळली आहे, तिला वेगळी चूल मांडता येत नाही.

विकलंत यात मात्र काही गैर नाही. जीपीएल किंमत घ्यायला मनाई करत नाही. ज्याच्या हाती प्रोग्रॅम दिला त्याला कोडही मिळाला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. सगळ्या जगासाठी तो इंटरनेटवर टाकायची सक्ती नाही. सोपा मार्ग म्हणजे ज्या पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम देता, त्यातच कोडचं फोल्डर ठेवायचं. 'मागाल तेव्हा देऊ' असं लेखी देण्याचा पर्याय जीपीएलच्या 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे, पण ते वचन किमान तीन वर्षं आणि कुणाही मागणाऱ्याला पाळावं लागतं. नसती ब्याद.

आवृत्ती कुठली ते आधी बघा. दुसरीत अट मोडली की लायसन्सने दिलेला हक्कच संपतो. 2007 च्या तिसरीत, पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ती सुधारली, तर हक्क परत मिळतो. तुमचं गिऱ्हाईक तोच कोड शेजारच्या दुकानदाराला देऊ शकतं, अडवता येणार नाही. तेव्हा पैसे बसवून देण्याचे घ्या, शिकवण्याचे घ्या, जीएसटीचा दर बदलला की रात्रीत दुरुस्ती करून देण्याचे घ्या. दुकानदार कोड वाचत बसत नाही, तो फोन करतो.

प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून नुसता ब्राउझरमधून वापरायला दिला, तर साधी जीपीएल कोड मागत नाही. तिचंच भावंड असलेली एजीपीएल मागते, ती हीच पळवाट बंद करण्यासाठी आहे.

प्रश्न : लग्नपत्रिकांसाठी 'मुक्त' हा फॉन्ट वापरतो. पत्रिका विकतो, चालेल ना? (पुणे)

खुशाल. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. नुसता फॉन्टच विकायला बसू नका.

प्रश्न : नोकरीत असताना रविवारी घरी लिहिलेला कोड मुक्त करू का? (ठाणे)

आधी नेमणुकीचा करार काढा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचाच, कॉपीराइट कायद्याचं कलम 17. रविवार असणं पुरेसं नाही, विषय ऑफिसच्या कामाचा आहे का आणि लॅपटॉप कुणाचा, हेही विचारलं जातं. मी एकदा न विचारता टाकलेला कोड दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने काढून घेतला होता, तोवर तो चौघांनी उतरवूनही घेतला होता. साहेबांची परवानगी चहाच्या टपरीवर नको, ईमेलवर घ्या.