लहानपणी थिएटरात, तंबूत किंवा ड्राइव्ह-इनला पाहिलेल्या सिनेमाच्या तुमच्या काय आठवणी आहेत?

ड्राइव्ह-इनचं आधी उरकून टाकतो. लहानपणी ऐकून होतो की मुंबईत वांद्र्याला तसलं थिएटर आहे, गाडीत बसूनच सिनेमा बघायचा. आमच्याकडे बैलगाडी होती. पुढे 2021 मध्ये बीकेसीत मॉलच्या गच्चीवर जिओचं ड्राइव्ह-इन सुरू झालं, तिथे लेकीला घेऊन गेलो. पडदा झकास, आवाज गाडीतल्या एफएमवर. पण जो तो काचा वर करून बसलेला. हिरो आल्यावर मी सवयीने शिट्टी मारली, ती आमच्याच गाडीत घुमली. बायकोने असं काही बघितलं की पुन्हा मारली नाही.

आम्ही साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले. आमचा सिनेमा म्हणजे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. मार्गशीर्षातली, कडाक्याच्या थंडीतली. दिवसभर वडील खिल्लार बैलांच्या बाजारात, आणि रात्री आम्ही तंबूत. टुरिंग टॉकीजचे तंबू एकमेकांना खेटून असायचे आणि प्रत्येकाचा कर्णा दुसऱ्यावर मात करायला बघायचा. ‘चला, चला, फक्त पाच मिनिटं राहिली!’ ही पाच मिनिटं सहज तासभर चालायची, कारण तंबू भरल्याशिवाय मशीन सुरू करायचंच नाही हा धंद्याचा नियम. आत खाली जमिनीवर बसायचं. मधे दोरी, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. मी बारका म्हणून आजीजवळ, तिच्या वाकळेत. कापडी भिंती आवाज कसला अडवतात? आमच्या पडद्यावर पोरगी रडत सासरी निघालेली आणि शेजारच्या तंबूतून ढिशुम ढिशुम. आजीला त्याचं काही नसायचं. ती दोन्ही सिनेमे मिळून एकच गोष्ट लावायची.

माझं लक्ष मात्र निम्मं मागेच असायचं. प्रोजेक्टर ट्रकच्या हौद्यातच बसवलेला, फाळका खाली सोडला की झाली मशीनची खोली. त्यात बल्ब नव्हताच. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून त्यांच्यामधे वीज पेटवायची, तोच उजेड. कांड्या जळत आखूड होत जायच्या. मधलं अंतर वाढलं की चित्र पिवळं पडायचं, म्हणून मशीनवाला काळ्या काचेतून बघत मूठ फिरवून त्या पुन्हा जवळ आणायचा. त्याला डुलकी लागली की पडदा अंधारायचा आणि गड्यांच्या बाजूने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू व्हायचा. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत सगळे बसून राहायचे. आजी तेवढ्यात ओच्यातल्या शेंगा वाटायची. मल्टिप्लेक्सला एक मध्यंतर, आम्हाला पाच-सहा.

तालुक्याच्या गावाला पक्कं थिएटर होतं. पुढे बाकडी, मागे लोखंडी खुर्च्या, ढेकूण दोन्हीकडे. तिथे जाणं क्वचित, पण 1991 साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या वाडीतल्या बाया ट्रॅक्टरची ट्रॉली करून गेल्या होत्या. सुना आणि सासवा एकाच ट्रॉलीत! येताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं म्हणे. आमची चुलती दुसऱ्यांदा जायला निघाली तेव्हा चुलत्यांनी विचारलं, एकदा रडून भागलं नाही का? तर म्हणाली, मागल्या वेळी पोरगं किरकिर करत होतं, नीट रडता आलं नाही.

तंबू मोडले ते एका दिवसात नाही. आधी यात्रेत व्हिडिओवाले आले, मग घरोघरी केबल, आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत रिळांच्या प्रिंटाच यायच्या बंद झाल्या. ट्रकातलं ते धूड मशीन भंगाराच्याच लायकीचं राहिलं.

यात्रा उठली की तंबूच्या जागेवर आम्ही पोरं फिल्मचे तुकडे वेचायचो. तुटलेलं रीळ जोडताना मशीनवाला दोन-चार चित्रं कापून टाकायचा, ती. घरी त्यांचा खरोखरचा सिनेमा करता येतो. उडालेल्या बल्बच्या बुडातलं काळं आणि आतली तार काढायची, पाणी भरायचं, झालं भिंग. दारं लावून खोली अंधारी करायची, भिंतीला आज्ज्याचं धोतर. बाहेरून एकाने आरशाने उन्हाचा कवडसा खिडकीच्या फटीतून आत मारायचा आणि त्या कवडशात बल्बच्या मागे फिल्म धरायची, ती उलटी, कारण चित्र उलटं पडतं. तिकीट काड्यापेटीचा एक छाप. अडचण एवढीच की आरसा धरणारा उन्हात उभा, त्याला सिनेमा दिसायचाच नाही. तो चिडला की आरसा फिरवून मोकळा, आत सगळा अंधार. शेवटी त्याला खेळामागे दोन छाप पगार बांधून दिला.